धरण माझं, गेला साडू

साडू या नात्याचं मला कधी नीट कळलेलंच नाही. मेव्हण्याचा रुसवा असतो, जावयाचा मान असतो, व्याह्यांचं तर विचारूच नका. साडूचं काय? दोन बहिणींनी वेगवेगळ्या वर्षी पसंत केलेली दोन माणसं, एवढंच. एकमेकांना त्यांनी निवडलेलं नसतं. पण पहिल्या पंगतीपासून त्यांना शेजारी शेजारी बसवतात, आणि मग उरलेलं आयुष्य सासरची माणसं कोणाचा कुर्ता जास्त चांगला बसलाय ते बघत राहतात.

माझ्या साडूचा बसतो.

तो माझ्याहून बराच लहान. केस जागच्या जागी, पोट जागच्या जागी. गातो बरा, मसालेभात करतो, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे अशा कौतुकाने बघतो की बोलणाऱ्याला आपण फार मोलाचं सांगतोय असं वाटावं. हे सगळं त्याने पुण्यात राहून केलं असतं तर मी सहन केलं असतं, मधे समुद्र होता. पण सिंगापूरला आमच्या ऑफिसात एक जागा निघाली तेव्हा बायको म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं बघ की काहीतरी." मी बघितलं. चांगली घसघशीत शिफारस केली. त्याला इथे काम करायचा पास मिळाला, तो आला, आणि बघता बघता ईस्ट कोस्टला स्विमिंग पूलवाल्या कॉन्डोत राहायला लागला. आम्ही बेडोकला, एचडीबीच्या, म्हणजे सरकारने बांधलेल्या, फ्लॅटमध्ये. "आमच्याकडे पूल नाही, पण लिफ्टने खाली उतरलं की ताजी कोळंबी मिळते," असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे कोळंबी खातात आणि पोहायला तिकडे जातात.

ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये. काम नकाशांचं. माझ्या सासूबाईंची समजूत आहे की टॅक्सीवाल्यांच्या फोनवर जी बाई 'टर्न लेफ्ट' म्हणते, तिला मी शिकवतो. मी ती समजूत दूर करत नाही, कारण खरं काम सांगायला जास्त वेळ लागतो. तरी इथे सांगतो.

अमेरिकेत कंपनीला धरण बांधून वीज करायची असली की सरकारचा परवाना लागतो. परवान्याची मुदत साधारण एका माणसाच्या अख्ख्या नोकरीइतकी. ती संपत आली की कंपनीला पुन्हा सगळं सिद्ध करावं लागतं. कुठली जमीन धरणाची आणि कुठली शेजाऱ्याची, पाणी कुठवर चढतं, होड्या उतरवायचे धक्के कुठे, लोकांच्या पायवाटा कुठे, मासे वर कुठून जातात, गरुडाचं घरटं कुठल्या झाडावर. हे सगळं नकाशावर हवं, आणि नकाशावरची प्रत्येक रेघ खरी हवी, कारण त्या रेघेवरून लोक पुढची कित्येक वर्षं भांडणार असतात. असं एक धरण, डोंगरातलं, बर्फाच्या पाण्याचं, माझ्या वाट्याला आलं होतं.

दोन वर्षं मी त्या धरणात राहिलो म्हटलं तरी चालेल. सकाळी बेडोकहून निघून ऑफिसात बसलो की मी तिथे. विमानातून घेतलेले फोटो, जुने खरेदीखतांचे नकाशे, उंचीची मोजमापं. कुठल्या वळणावर पाइनची झाडं वठलीत, कुठल्या धक्क्याची पायरी तुटलीय, सगळं पाठ. माझ्या पुण्याच्या घराच्या मागच्या गल्लीत काय आहे ते मला आता सांगता येणार नाही. जलाशयाच्या कडेने जाणारी धरणाच्या हद्दीची लाल रेघ, ती माझी. दर वळण मी बसवलेलं.

साडूला त्याच धरणाची फिल्म करायचं काम होतं. म्हणजे नकाशातली माहिती घेऊन असं चित्र तयार करायचं की बघणाऱ्याला पक्ष्यासारखं वरून उडत गेल्यागत वाटावं. परवान्याआधी धरणाच्या गावी लोकांची सभा होते, तिथे दाखवायला. मी दोन वर्षं घातली, त्याने काही आठवडे. आणि धरणाच्या कंपनीने कळवलं की सभेला सिंगापूरहून एक माणूस पाठवा. एकच. सगळा खर्च त्यांचा.

मला जायचं होतं. इतकं साधं वाक्य लिहायला पन्नाशीतल्या माणसाला लाज वाटते, पण मला लहान मुलासारखं जायचं होतं. घरी कुणाला काही न सांगता मी मुस्ताफाच्या दुकानात जाऊन गरम बनियन घेऊन आलो होतो.

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांचा नियम कडक: पंधरा दिवस थोरल्या मुलीकडे, पंधरा दिवस धाकटीकडे. आमचे पंधरा दिवस संपले, तशी त्यांची बॅग घेऊन आम्ही सगळे रविवारी साडूच्या कॉन्डोवर जेवायला गेलो. मसालेभात त्याने स्वतः केला होता. तो चांगला झाला होता, हे मी इथे लिहितो. तिथे बोललो नाही.

जेवण झाल्यावर मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुमच्या धरणाची फिल्म बघितलीत का? आईला दाखवायचीय."

"ऑफिसात तुकडे बघितलेत," मी म्हणालो.

"तुकडे नाही हो, सबंध. मोठ्या टीव्हीवर."

त्यांचा टीव्ही आमच्या हॉलमध्ये मावणार नाही, इतका मोठा. त्यावर डोंगर आले. पाणी आलं. आपण उडायला लागलो. मागे संथ बासरी. सासूबाई सोफ्याच्या कडेला सरकल्या.

"अगं बाई! हे केवढं धरण! हे तुम्ही केलंत?"

"धरण नाही आई, फिल्म," साडू हसून म्हणाला. "आणि माहिती सगळी दादांची आहे." दादा म्हणजे मी.

"हो का? पण तुमचं हे किती समजतंय बघा," सासूबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या. "यांनी दाखवलेल्या त्या दिवशी नुसत्या रेघाच होत्या."

माझी मुलगी पंधरा वर्षांची, इथल्याच शाळेतली. ती म्हणाली, "आजी, बाबाचा मॅप इज लाइक एक्झाम पेपर लाह."

सगळे हसले. मीही हसलो. हसताना माणसाचा चेहरा जेवढा दुखू शकतो तेवढा दुखला.

आणि तेवढ्यात, उडता उडता, आपण जलाशयाच्या उत्तरेच्या खाडीवर आलो. तिथे एका म्हातारीची लाकडी बोटशेड आहे, म्हणजे होडी ठेवायची झोपडी, हिरव्या छपराची. तिने कंपनीला लिहिलेलं पत्र मी वाचलं होतं: पूर्वीच्या नकाशात धरणाची हद्द तिच्या शेडवरून गेली होती, आणि हद्दीत आलं की साधी फळी बदलायला कंपनीची परवानगी. मी जुनी खरेदीखतं लावून लावून ती रेघ शेडच्या बाहेर आणली होती. पूर्ण बाहेर. कितीदा बघितलं असेल मी ते हिरवं छप्पर!

टीव्हीवर लाल रेघ त्या छपराच्या कोपऱ्यावरून चालली होती.

माझ्या तोंडात श्रीखंडाचा चमचा होता. तो तसाच राहिला. साडूची फिल्म चुकली होती! माझी रेघ त्याने घेतली होती आणि कुठेतरी घसरवली होती. बासरी वाजतच होती. सासूबाई म्हणत होत्या, "स्वर्ग हो, स्वर्ग." आणि मी मनात म्हणालो, थांबा, मंगळवारी बघू स्वर्ग. मंगळवारी सकाळी कंपनीच्या लोकांबरोबर फिल्म बघायची मीटिंग होती. त्यानंतरच कोण जाणार ते ठरणार होतं.

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "काय झालंय? गुणगुणतोयस."

"मी? छे."

"गुणगुणतोयस. माझ्या बहिणीकडून जेवून येताना तू कधी गुणगुणत नाहीस."

शेवटी तिला सांगितलंच. आनंद असा एकट्याने फार वेळ धरून ठेवता येत नाही. ऐकून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"मग सांगितलंस का त्याला?"

"सांगीन ना."

"कधी?"

"मंगळवारी."

"म्हणजे सगळ्यांसमोर."

"मी काही बोलणारच नाही. ती कंपनीची माणसं आपोआप बघतील."

"ती माझी बहीण आहे," ती म्हणाली. "आणि त्याला तू आणलायस."

"तेच तर!"

बेडोक आल्यावर आम्ही उतरलो, तिने पपई घेतली, मी पिशवी धरली.

सोमवारी मी ऑफिसात लवकर गेलो. मनात म्हटलं, आधी स्वतःची खात्री करून घेऊ. शेडचं ठीक, पण बाकी ठिकाणी? बघितलं तर रेघ सगळीकडे सरकलेली होती. एका जागी नाही, सगळीकडे, एकाच दिशेला, तेवढीच. दोनएक पावलं. निष्काळजीपणाने चुकणारा माणूस इथे तिथे चुकतो. इतका शिस्तीत चुकत नाही. इथे माझी खरी अडचण सुरू झाली. चूक कुणाची ते मला माहीत होतं, पण चूक कशी झाली ते कळेपर्यंत मला चहा गोड लागेना.

दुपारच्या आत सापडलं. फूट.

अमेरिकेत फूट दोन प्रकारचे आहेत. एक जुना, जमीन मोजणाऱ्यांचा, आणि एक जगाशी जुळवून घेतलेला. दोघांत फरक इतका बारीक की पट्टीवर दिसायचा नाही. पण नकाशावरची जागा फार लांबच्या एका बिंदूपासून लाखो फूट मोजत मोजत ठरते, त्यामुळे तो बारीक फरक साठत जातो आणि शेवटी रेघ दोन पावलं सरकते. माझं सगळं काम जुन्या फुटात होतं. साडूने आपल्या प्रोग्रॅमला नुसतं 'फूट' सांगितलं होतं. त्याला कसं सुचणार? आम्ही शाळेत मीटर शिकलेली माणसं, राहतोय मीटरच्याच देशात. फुटाशी आमचा संबंध फ्लॅटपुरता. आणि फ्लॅटचा स्क्वेअर फूट एकाच प्रकारचा असतो: बिल्डर सांगेल तो.

मला तर धरणाच्या पहिल्याच आठवड्यात हे कळलं होतं, कारण मीही तिथेच धडपडलो होतो. ते आठवून त्याच्याबद्दल जरा जवळीक वाटली असती. मी ती वाटू दिली नाही.

तरी मंगळवारपर्यंत दम निघाला नाही. म्हणजे माझा चांगुलपणा जागा झाला असं कृपया कुणी समजू नका. मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता, आणि तो मीटिंगमध्ये स्क्रीनच्या छोट्या चौकटीत नीट दिसला नसता. म्हणून जेवायला त्याला खाली नेलं. तो नेहमीप्रमाणे दोघांसाठी चिकन राइस घेऊन आला, माझ्या ताटात मिरचीची जास्त चटणी, मला आवडते म्हणून. हेही त्याच्या लक्षात राहतं. याचा मला राग येतो.

"साडूभाऊ," मी सावकाश म्हणालो, "तुमची रेघ म्हातारीच्या शेडवर चढलीय."

"काय?"

मग मी सगळं सांगितलं. अगदी निवांत, मधे मधे घास घेत. जुना फूट, नवा फूट, लाखो, दोन पावलं. तो ऐकत होता, त्याच त्याच्या कौतुकाच्या नजरेने. आणि चेहरा पडायच्या ऐवजी हळूहळू उजळत गेला.

"दादा! दोन प्रकारचे फूट? खरंच?" तो मोठ्याने हसायला लागला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "कसले लोक आहेत राव! आणि उद्या हे सगळं कंपनीसमोर लागणार होतं? वाचवलंत तुम्ही मला!"

"हं," मी म्हणालो.

"नाही पण तुम्हाला दिसलं कसं? टीव्हीवर? एवढ्याशा छपरावरून?"

"दिसतं," मी म्हणालो. चिकन राइसची मला चवच लागली नाही.

दुपारी त्याच्या शेजारी बसून मी ते दुरुस्त करून घेतलं. कारण तो म्हणाला, "दादा, बसा ना जरा." रेघ सरकली, शेड बाहेर आली. तो टाळी द्यायला हात पुढे करून थांबला होता. मी दिली, पण हलकी.

मंगळवारी सकाळी मीटिंग. पडद्यावर कंपनीच्या दोन बायका आणि एक वकील, त्यांच्याकडे सोमवारची संध्याकाळ. आमची बॉस इथलीच, चायनीज, बोलते अगदी कमी. फिल्म झाली, बासरी थांबली, सगळ्यांनी वाहवा केली. आता हा नम्रपणे मान झुकवणार, असं मी म्हणतोय तोवर साडू बोलायला लागला. सगळं सांगितलं त्याने. आपली चूक, दोन प्रकारचे फूट, ते छप्पर, मी ते कसं पकडलं. माझ्याकडे हात करून म्हणाला, या माणसाला तुमचं धरण तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पलीकडचा वकील पुढे झुकला. त्याने मला खाडीच्या पलीकडच्या पायवाटेबद्दल विचारलं. मी सांगितलं. मग एका जुन्या कुंपणाबद्दल. तेही सांगितलं. मला घाम आला होता आणि फार बरं वाटत होतं. जमलं, मी मनात म्हटलं. गरम बनियन कपाटात वरच्या खणात आहे.

पडदा बंद झाल्यावर बॉसने आम्हा दोघांना थांबवलं.

"सभेत लोक काहीही विचारतील," ती म्हणाली. "उत्तर तिथल्या तिथे लागेल. सगळा डेटा इथल्या मशीनवर आहे." मग माझ्याकडे बोट. "यू स्टे." साडूकडे बोट. "ही गो. ही टॉक गुड, यू चेक गुड. कॅन?"

सिंगापूरमध्ये 'कॅन?' हा प्रश्न नसतो.

"कॅन," मी म्हणालो.

साडू म्हणाला, "नाही नाही, दादांना जाऊ दे, मी इथे—" पण ती फोन कानाला लावून निघूनही गेली होती. म्हणजे बघा, मी गप्प बसलो असतो तर तो तोंडावर आपटला असता आणि मी गेलो असतो. मी इतकं चांगलं तपासलं की खुर्चीलाच चिकटलो.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. आवाजात साखर. "जावईबापू, कळलं हो. तुमच्यामुळे त्यांना जायला मिळालं. किती मोठं मन!"

"हो ना आई," मी म्हणालो.

बायकोने माझ्या हातून फोन घेतला, आणि कधी नाही ते मला विचारल्याशिवाय भजी तळायला घेतली.

त्याच्या जाण्याच्या दिवशी मी विमानतळावर गेलो नाही. काम आहे म्हणालो. काम खरंच होतं, पण विमानतळ ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या आठवड्यात तो रोज फोटो पाठवायचा. बर्फाचे डोंगर, मोटेलची खोली, एक हरीण. मी प्रत्येक फोटोला अंगठा दाखवत होतो. बायको म्हणाली, "एखादा शब्द लिही." मी 'छान' लिहिलं.

सभा त्यांच्या संध्याकाळी, आमच्या सकाळी. मी हेडफोन लावून बसलो, समोर तीन स्क्रीन. गावातल्या हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज, कुणाचं तरी खोकणं. लोक विचारत होते, साडू गोड आवाजात प्रश्न पुन्हा म्हणत होता, मी इथून उत्तर टाइप करत होतो, तो ते वाचून सांगत होता. बोलका बाहुला तो आणि पोटातला आवाज माझा. टाळ्या बाहुल्याला.

मग ती म्हातारी उठली. तिच्या शेडचं काय ते तिने एका वाक्यात विचारलं. साडूने नकाशा मोठा केला, लाल रेघ दाखवली, छपरापासून मोकळी.

"आमच्या तीन पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर काढलीय," ती म्हणाली. "तू काढलीस?"

"नाही," साडू म्हणाला. "माझ्या थोरल्या भावाने. तो सिंगापूरला आहे, आत्ता ऐकतोय."

साडू या शब्दाला इंग्रजीत चांगला शब्दच नाही, म्हणून म्हणाला असेल. मी हेडफोन जरा घट्ट दाबला.

"मग त्याला का नाही आणलं?" म्हातारीने विचारलं. हॉल हसला. मी हसलो नाही. फार योग्य प्रश्न होता.

सभा संपली तरी तिकडे उजेड होता, उन्हाळ्यातली लांबलेली संध्याकाळ. मी फाइली बंद करत होतो, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. घ्यावा की नाही असा विचार केला. नेटवर्क खराब आहे असं नंतर सांगता आलं असतं. घेतला.

पडद्यावर त्याचं नाक, मागे आभाळ. वाऱ्याने आवाज फाटत होता. "दादा, मी धरणाच्या बाजूला उभा आहे. पाण्यापर्यंत जायचंय, पण इथे तीन वाटा आहेत. कुठली घेऊ?"

"मधली नको," मी म्हणालो. "ती वीजघराच्या फाटकापाशी बंद होते. डावीकडची घे. पुढे वठलेली दोन झाडं लागतील."

"लागली."

"आता उतार आहे. खडी आहे, जपून. मग धक्का. खालून तिसरी पायरी तुटलेली असेल."

फोन हलत होता. आभाळ, त्याचे बूट, खडी, बूट. मग थांबला. "आहे, दादा. तुटलेलीच आहे. तुम्ही म्हणजे..." तो पायऱ्या उतरून खाली बसला. पाणी दिसलं. दोन वर्षं मी ते निळ्या रंगाने भरत आलो होतो. ते निळं नव्हतंच, जवळजवळ काळं होतं, आणि सारखं हलत होतं.

ऑफिसात कुणीतरी कॉफी हवी का विचारत होतं. मी हातानेच नको म्हटलं.

"दाखवायला आणखी कुठे जाऊ?" तो म्हणाला. "सांगा, जिथे म्हणाल तिथे जातो."

"हात घाल पाण्यात," मी म्हणालो.

त्याने फोन पायरीवर टेकवून ठेवला आणि बाही सरकवून हात घातला, मनगटापर्यंत. मी बघत होतो. इतका हेवा मला त्याच्या कॉन्डोचा, केसांचा, मसालेभाताचा कशाचाही कधी वाटला नव्हता.

"कसंय?" मी विचारलं.

"गार आहे दादा. बाप रे. बोटं दुखायला लागली."

"मग काढ की हात, शहाण्या."

त्याने काढला नाही. मीही काढला नसता.